पाठक मॅडमच्या चिंचा

पाठक मॅडम मला पहिल्यांदा दिसल्या त्या पाठमोऱ्या. कॉलेजात नाव घालायला मी पाथर्डीहून एसटीने नगरला येत होते. शहर जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुन्या चिंचा लागत. त्यातल्या एका चिंचेच्या बुंध्याला जवळजवळ नाक टेकवून एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, साडीवर पुरुषी शर्ट, पायात बूट, शेजारी स्टँडवर लावलेली स्कूटी. मोठा ट्रक गेला की त्यांचा पदर उडायचा, पण त्या काही वळून पाहत नव्हत्या. कंडक्टर ड्रायव्हरला म्हणाला, "आल्या बग बाई, झाडाचा मुका घ्यायला." गाडीत हशा पिकला. मलाही हसू आलं. पुढे वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या तासाला त्याच बाई वर्गात आल्या, तेव्हा त्यांना माझं हसू ऐकू गेलं असावं अशा भीतीने मी खाली मान घालून बसले.

त्यांनी त्या दिवशी काही शिकवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्या येताना प्रत्येकाने घरातलं काहीतरी बुरसटलेलं आणा."

शहरातल्या सावेडीकडच्या मुलींनी स्वच्छ डब्यांतून ब्रेडचे तुकडे आणले. मी वसतिगृहात राहत होते. माझ्याकडे आईने दिलेली लोणच्याची बरणी होती आणि तिच्यावर पांढरा, निळसर, मध्येच काळा असा जाड थर आला होता. ती बरणी बाहेर काढायची मला लाज वाटत होती. मॅडमनी बाकाखालून ती स्वतःच उचलली, खिडकीशी नेली आणि उजेडात फिरवून पाहिली.

"वा. किती प्रकारचे लोक राहतात गं तुझ्याकडे."

वर्ग हसला.

"हसता कशाला? तुमच्या ब्रेडवर एकेकच कुटुंब आहे. हिच्या बरणीत अख्खं गाव आहे." मग बरणी माझ्या हातात देत हळूच म्हणाल्या, "आईला सांग, तेल फोडींच्या वर यायला पाहिजे. गाव वसवायचं नसेल तर."

घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मीच पहिली. शिक्षकांशी कसं बोलावं हे मला कळत नसे, म्हणून मी बोलतच नसे. पण त्या दिवसानंतर मी पहिल्या बाकावर बसायला लागले.

बुरशी हा शब्द कोणी नाक मुरडून उच्चारला तर मॅडमना राग यायचा. त्या म्हणायच्या, "बुरशी नसती तर आपण आजवर गळालेल्या पानांखाली गाडले गेलो असतो. ती मेलेलं मातीत परत नेते. आपल्याला तेवढंही येत नाही, आपण जिवंतच मातीत घालतो." हे सांगताना आवाज चढत नसे. लाइट गेली आहे, असं सांगावं तसं त्या सांगत.

त्यांचा खरा जीव होता दगडफुलावर. मसाल्यात घालतात तेच हे, पण ते फूल नाही हे मला वर्गात कळलं. ती एक बुरशी आणि तिच्या पोटात राहणारं शेवाळ, असा दोघांचा संसार असतो. मॅडम सांगायच्या, "बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं."

मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मग मॅडम, यात नवरा कोण?"

"ज्याच्या नावावर घर आहे तो," मॅडम म्हणाल्या. "राबतं शेवाळ, पण शास्त्रात नाव बुरशीचंच लागतं. तुझ्या घरी काय वेगळं आहे?"

या संसाराला मुळं नसतात. ऊन, पाऊस, धूळ, धूर, हवेतून जे येईल ते तो घेतो आणि नको ते बाहेर टाकायची त्याला सोय नाही. म्हणून हवा बिघडली की आधी दगडफूल जातं. वाढतंही इतकं हळू की रुपयाएवढा डाग दिसला तर तो आपल्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो. कोणी म्हणालं की आज हवा छान आहे, तर मॅडम विचारायच्या, "कोणाला विचारलंस? झाडाला विचारलंस का?"

उन्हाळ्यात ऊसतोडीहून आई परत आली की मसाला करते. पहिल्या वर्षी तिने मॅडमसाठी डबाभर काळा मसाला दिला. मॅडमनी झाकण उघडून वास घेतला आणि डोळे मिटले.

"दगडफूल चांगलं आहे. कुठून आणलं?"

"बाजारातून."

"आणि बाजारात कुठून आलं?"

हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "कुठल्यातरी डोंगरातून झाडांवरून खरवडून आणतात. पोती भरून. खरवडणाऱ्याला दोष देत नाही मी, त्याचंही पोट आहे. पण ते परत उगवायला जो वेळ लागतो तेवढा वेळ कोणाकडेच नाही." डबा मात्र त्यांनी पिशवीत ठेवला. आईने प्रेमाने दिलेलं टाकणार नाही म्हणाल्या.

मी हे घरी सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात आईने त्यांच्यासाठी वेगळा मसाला कुटून आणला. "ह्यात दगडफूल न्हाई घातलं. कायबी वास न्हाई त्याला, पन बाईला चालंल." मॅडमनी दुसऱ्या दिवशी आमटी करून खाल्ली आणि मला खरं तेच सांगितलं, "अश्विनी, आईला सांगू नकोस, पण खरंच चव नाही गं." मी आईला सांगितलं. आई दिवसभर हसत होती. "बाई खरं बोलती. आसं मानूस लई तरास काढतं," ती म्हणाली.

दिवाळीला आई-वडील टोळीबरोबर तोडीवर गेलेले असत. घराला कुलूप असल्यामुळे मी वसतिगृहातच राहायची. त्या सुट्टीत मॅडमनी मला विचारलं, "माझ्याबरोबर चिंचांना येशील? प्लास्टिक धरायला कोणीतरी लागतं."

तेव्हा मला कळलं की त्या बुंध्यांना नाक लावून काय करतात. चिंचांच्या खरबरीत सालीवर पांढुरके, राखाडी, कडेला किंचित झालरीसारखे उचललेले डाग होते. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला ते झाडाचं दुखणं वाटावं. आम्ही उभ्या होतो तेव्हा एक मोटारसायकलवाला थांबून म्हणालाही, "बाई, नायटा झालाय त्याला. चुना लावा." मॅडम म्हणाल्या, "बरं."

मी डागावर पारदर्शक प्लास्टिक ताणून धरायचं आणि मॅडमनी त्यावर मार्करने डागाची कड गिरवायची. वर्षानुवर्षं दर दिवाळीला त्यांनी हेच केलं होतं. हात वर करून पोचतील तितकीच उंची, कारण स्कूटीवरून शिडी आणायची कशी आणि धरायची कोणी. घरी गेल्यावर त्यांनी एकाच डागाचे वेगवेगळ्या वर्षांचे प्लास्टिकचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. रेघा आत आत सरकत गेल्या होत्या. सगळ्यात बाहेरची रेघ तळहाताएवढी होती, सगळ्यात आतली बोराएवढी.

"शहराभोवती बाकी कुठेच राहिलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मी सगळीकडे फिरले. या चिंचा शेवटच्या."

माझा भाऊ तेव्हा नागापूरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नुकताच लागला होता. त्याच्यामुळे वडिलांना कोयता खाली ठेवता येईल अशी घरात आशा होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मॅडम, म्हणजे कारखाने बंद व्हायला पाहिजेत का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भावाचं त्यांना ठाऊक होतं.

"मी स्कूटीवरून येते ना इथे, दगडफुलाला धूर देत," त्या म्हणाल्या. "दादाला राहू दे तिथे. माझ्याकडे उत्तर नाही, अश्विनी. असतं तर मी रेघा कशाला काढत बसले असते?"

या डागांबद्दल त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. प्लास्टिक धरणारा एखादा विद्यार्थी सोडला तर कॉलेजातही कोणाला माहीत नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "दगडफूल म्हटलं की लोक खिशात चाकू शोधतात." लोकांना त्या चिंचांबद्दल सांगायच्या, सावलीबद्दल सांगायच्या. डागांबद्दल गप्प राहायच्या. सगळ्यांना वाटायचं, पाठक मॅडमना ही झाडं आवडतात. ते खोटं नव्हतंच.

मॅडमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं. चिंचा दोन्ही बाजूंच्या जाणार होत्या. ज्यांना हरकत घ्यायची असेल त्यांनी अर्ज करावा अशी सूचना निघाली. मॅडमनी अर्ज केला आणि त्यात पहिल्यांदाच डागांबद्दल लिहिलं. शहराजवळ एवढ्याच झाडांवर दगडफूल जिवंत आहे, रस्ता एका बाजूने वळवावा, मी जागेवर येऊन दाखवायला तयार आहे. अर्ज टाइप करून घेतला तेव्हा मी बरोबर होते. त्या मोकळ्या झाल्यासारख्या दिसल्या. "शेवटी सांगितलंच," म्हणाल्या.

अर्जाची बातमी कॉलेजात पसरली, पण बातमी एवढीच होती की मॅडम झाडं वाचवायला उभ्या राहिल्यात. एनएसएसच्या पोरांना ती भिडली. त्यांचा पुढारी किरण हा आमच्याच गावाकडचा, कला शाखेचा. त्याला मॅडमबद्दल फार माया होती. शिबिरात तो तापाने फणफणला होता तेव्हा मॅडम त्याला स्कूटीवर घालून दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. मॅडमच्या निरोपाच्या दिवशी त्यांना काहीतरी द्यायचं असं पोरांनी ठरवलं. शाल-श्रीफळ तर कॉलेज देणारच होतं.

त्या दिवशी मी गावाहून एसटीने येत होते. चिंचांपाशी पोरांचा घोळका दिसला म्हणून मी उतरले. उतरल्यावर दिसलं.

सगळ्या चिंचांचे बुंधे डोक्याच्या वरपर्यंत पांढरेशुभ्र होते. मध्ये गेरूचा लाल पट्टा. प्रत्येक झाडावर सुबक आकडा काढलेला. झाडांच्या पायथ्याशी राखाडी भुगा पडला होता. किरणच्या कोपरापर्यंत चुना होता.

"अश्विनी, बग की," तो म्हणाला. "आता कोन तोडतंय? रंगवल्यालं झाड सरकारी वाटतं. नंबर टाकल्यावर तर इचारायचीच सोय न्हाई. मान्सं हात लावायला भ्यात्यात."

मी काही बोलायच्या आत मॅडमची स्कूटी आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी गाडी स्टँडवर लावली आणि पहिल्या चिंचेपाशी गेल्या. नेहमीसारखं नाक जवळ नेलं नाही. हातभर अंतरावर उभ्या राहिल्या.

"मॅडम, कसं वाटतंय?" किरणने विचारलं.

"खालचं कशाने घासलंत?"

"तारेच्या ब्रशनं. लई नायटा हुता बुंध्यांना. समदा काढला, मगच चुना दिला. न्हाईतर धरत न्हाई."

मॅडम खाली वाकल्या. त्यांनी तो राखाडी भुगा चिमटीत घेतला, बोटांवर चोळून पाहिला आणि परत सोडला. मग त्यांनी किरणचे हात पाहिले.

"आधी हात धुऊन घ्या सगळे," त्या म्हणाल्या. "चुन्याने हात फाटतात. आणि खोबरेल लावा."

पोरांनी त्यांना मध्ये उभं करून फोटो काढला. त्या फोटोत मॅडम नीट उभ्या आहेत, सगळ्यांकडे पाहतायत. माझ्याकडे तो आहे, पण मी तो उघडत नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्यावर मी म्हटलं, "मी किरणला सांगते."

"नको."

"पण त्याला कळायला पाहिजे ना मॅडम."

"कळून काय होईल? तो आयुष्यभर झाडाकडे बघायचा नाही. दोन दिवस उन्हात राबलीत पोरं माझ्यासाठी." त्या निरोपाच्या शालीची दशी पिळत होत्या. "लोक खरवडतील म्हणून मी बोलले नाही. बोलले असते तर या पोरांनीच राखण केली असती. हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही गं."

हरकतींची सुनावणी झाली तेव्हा त्यांनी मला बरोबर नेलं. साहेब सभ्य होते. त्यांनी चहा मागवला, अर्ज पुढे ओढून वाचला आणि विचारलं, "बाई, तुम्ही लिहिलंय की या झाडांवर काहीतरी दुर्मिळ आहे."

"दुर्मिळ नाही. साधंच आहे. फक्त शहराजवळ दुसरीकडे राहिलेलं नाही."

"मग आमचा माणूस पाठवू का? दाखवाल त्याला?"

मॅडमनी कपबशी टेबलावर ठेवली.

"होतं," त्या म्हणाल्या. "आता नाही. मी प्रत्येक झाड पाहिलं. आता त्या झाडांवर काही नाही."

साहेबांनी अर्जाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. चहा संपवून आम्ही बाहेर आलो. जिन्यात मला रडू आवरेना. मी गावाकडच्या बोलीवर आले. "नुसतं हाय म्हनायचं हुतं ना मॅडम. कोन बगायला आलं असतं?"

त्यांनी माझा दंड धरला. "जे नाही ते आहे म्हणायचं होतं, तर इतकी वर्षं रेघा कशाला काढल्या आपण?"

पुण्याला मुलीकडे जायचं त्यांनी त्यानंतर ठरवलं. आता त्या तिथेच असतात. फोन केला तर उचलतात, माझ्या एमएस्सीची चौकशी करतात, दादाची करतात. झाडांचा विषय मी काढत नाही, त्याही काढत नाहीत. पण जाण्याआधी मला त्या एकदा दिसल्या. ठरवून झालेली भेट नव्हती.

मी गावाला निघाले होते. शहर संपतं तिथे गाडी थांबली. पुढे वाहनांची रांग लागली होती. झाडतोड चाललीय, अर्धा तास तरी लागेल असं कंडक्टर म्हणाला. मी खिडकीतून पाहिलं. चिंचा आडव्या पडल्या होत्या. पांढरे आणि लाल पट्टे मातीत होते. फांद्यांच्या ढिगाऱ्यात साडीवर शर्ट घातलेल्या मॅडम गुडघ्यावर बसल्या होत्या.

मी उतरून धावत गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्यासमोर एक फांदी होती. झाड उभं असताना ती पार शेंड्याला असणार, ट्रकच्या टपाच्याही खूप वर, जिथे रस्त्याची धूळ आणि कोणाचाही हात पोचत नव्हता. ती मनगटाएवढी जाड फांदी टोकापर्यंत दगडफुलाने भरली होती. बुंध्यावर मी कधी पाहिले नव्हते एवढे मोठे, एकमेकांवर चढलेले, झालरी सुटलेले डाग. शेजारची फांदीही तशीच. त्याच्या पलीकडचीही.

"वर होतं," मॅडम म्हणाल्या. "अश्विनी, सगळं वर होतं. मी कधी वर पाहिलंच नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"आणि मी साहेबांना सांगितलं की काही नाही."

"तुम्हाला माहीत नव्हतं मॅडम."

"माझं काम होतं ते."

करवत थांबली होती. तोडणाऱ्यांपैकी एक जण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी उभा राहून आमच्याकडे पाहत होता. "बाई, जरा बाजूला व्हता का? फांदी वडायची हाय," तो म्हणाला. आवाजात दरडावणी नव्हती. मॅडम लगेच उठल्या. तोडणाऱ्या दोघांनी फांदी उचलून ट्रॉलीत टाकली, मग दुसरी, मग तिसरी. ट्रॉली वखारीला जाणार होती. मी म्हटलं, थोडी साल काढून घेऊ का, तुमच्यासाठी. त्यांनी मान हलवली. नको.

पुढची वाहनं हलू लागली. एसटीने हॉर्न दिला, कंडक्टरने हाक मारली. मी त्यांचा हात हातात घेतला, तो गार होता, आणि मी गाडीकडे पळाले. खिडकीशी बसून मागे पाहिलं तर मॅडम ट्रॉलीच्या फळीला लागून उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली होती आणि फांद्यांवर हात पोचेल तिथे त्या पाणी ओतत होत्या. कोरडं दगडफूल राखेसारखं दिसतं. पाणी मिळालं की वरची बुरशी पारदर्शक होते आणि आतलं शेवाळ दिसायला लागतं. माझ्या डोळ्यांसमोर ती फांदी राखाडीची हिरवी झाली.

ट्रॅक्टरवाला बाटली रिकामी होईपर्यंत थांबला. मग त्याने गियर टाकला.